हर्षा बोलेपर्यंत

टिकाराम कापगते यांची सगळी नोकरी पाण्याजवळ गेली. पाटबंधारे खात्यात लागले ते कालव्यावर, आणि शेवटची वर्षं गोसीखुर्दच्या धरणावर, दारं वरखाली करणाऱ्या माणसांत. वरून हुकूम आला की बटण दाबायचं. दार इंचाइंचानं उचललं जायचं आणि खाली वैनगंगा गर्जत सुटायची. निवृत्त होऊन ते लाखांदूरजवळच्या आपल्या गावी परतले, चार एकर धानात रमले. गावात मान होता. कमी बोलणारा, शब्दाला आणि वेळेला पक्का, कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेला माणूस, अशी त्यांची ख्याती.

एका बाबतीत मात्र हा वेळेचा पक्का माणूस वर्षानुवर्षं चालढकल करत आला होता. ती बाब म्हणजे त्यांची थोरली लेक हर्षा.

हर्षा छत्तीस वर्षांची. तिच्या वेळी बाळंतपण अडलं, बाळाला श्वास उशिरा आला, आणि तेवढ्यात मेंदूला जी इजा व्हायची ती होऊन गेली. पाय चालले नाहीत. हात आपल्याच मर्जीनं भलतीकडे जात. आणि बोलायला गेली की मान ताणली जाई, डोळे वर लागत, तोंड उघडे-मिटे आणि कितीतरी वेळानं एखादा शब्द वाकडातिकडा होऊन बाहेर पडे. आईला, चंद्रकलाला, तो सगळा कळे. टिकारामला अर्धा कळे, उरलेला ते अंदाजानं भरून काढत. पाहुणे तर तिच्याकडे पाहून हसत आणि टिकारामलाच विचारत, "कशी हाय पोरगी?" तेही सांगत, "बरी हाय."

घरासमोरच्या सपरीत, छपराच्या सावलीला, तिची चाकाची खुर्ची असे. रोवणीच्या दिवसांत गल्लीतल्या बाया धानाच्या बांधीत जाताना आपली रांगती पोरं तिच्या नजरेखाली सोडून जात. एखादं पोरगं विहिरीकडे वळलं की हर्षा असा काही आवाज काढी की ते जागीच बसकण मारी आणि घरात असेल ती बाई धावत बाहेर येई. गल्लीला याचं काही नवल उरलं नव्हतं. पाऊस पडतो, कोंबडा आरवतो, तशी हर्षा पोरं राखते.

पेन्शनचा विषय निघाला तो नोव्हेंबरात. टिकाराम आणि चंद्रकला लाखांदूरच्या बँकेत हयातीचा दाखला देऊन एसटीची वाट पाहत उभे होते. चंद्रकला पदरानं तोंड पुसत म्हणाली, "तुमच्या मागं पेन्शन मले भेटन. आन माह्या मागं?"

"अमर हाय ना," टिकाराम म्हणाले. अमर म्हणजे हर्षाच्या पाठचा भाऊ. नागपूरला नोकरी, बायको तृप्ती, एक मुलगी. पोरगा मायाळू होता, त्यात खोट नव्हती.

"अमर हाय थे मले माहीत हाय. मी अमरचं नाई इचारून रायली. पेन्शनचं इचारून रायली."

टिकाराम तसेच चौकातल्या भय्याजीकडे गेले. भय्याजी त्यांच्याच खात्यात बाबू होते, आता घरबसल्या अर्ध्या तालुक्याची निवृत्तीची कामं सांगून देत. त्यांनी पान लावता लावता सगळं समजावलं.

"नियम हाय गा टिकाराम. सरकारी नोकराचं लेकरू दिव्यांग असन, पोटापुरतं कमावता येत नसन, त मायबापाच्या मागं त्याले हयातभर फॅमिली पेन्शन भेटते. पण भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यातून डॉक्टरच्या मंडळाचा दाखला पायजे. आन नाव तू जिता असतानीच चढव."

"मंग नाई होत का?"

"मंगबी होते. पण कोण करन? तू गेला, वहिनी गेली, आन हिची खुर्ची ढकलत अमर कोणत्या कोणत्या दारावर फिरन? तुह्या सहीनं जे सोपं हाय, थे तुह्या मागं अवघड होते. एवढंच."

"हर्षाचं कार्ड हाय ना, एसटीच्या सवलतीचं."

"थे निराळं. या दाखल्यात लिवा लागते, उपजीविका करण्यास असमर्थ."

तो शेवटचा शब्द ऐकताच टिकाराम उठून निघाले.

त्याला कारण होतं. हर्षा चार वर्षांची असताना ते तिला कडेवर घेऊन लांबच्या एका मोठ्या डॉक्टरकडे गेले होते. डॉक्टरनं तिचे पाय वाकवून पाहिले आणि तिच्या डोक्यावरून टिकारामला म्हटलं, "मातीचा गोळा आहे. जगेल तितकी जगेल." आणि हर्षा, डॉक्टर आपल्याकडे पाहतो आहे असं वाटून, त्याच्या तोंडाकडे बघून खुदकन हसली होती. ते हसू टिकारामनं कुणालाच सांगितलं नाही, चंद्रकलालाही नाही. पण त्या दिवशी परतताना त्यांनी मनाशी ठरवलं की हिच्यासमोर असं पुन्हा कुणाला बोलू द्यायचं नाही.

म्हणून पुढचा महिना, मग मळणी झाल्यावर, मग पुतणीच्या लग्नानंतर, असं चाललं. चंद्रकला दर काही दिवसांनी विषय काढी, पण भांडत नसे. नुसती विचारी आणि उत्तराची वाट न पाहता कामाला लागे.

उन्हाळ्यात टिकारामच्या छातीत कळ आली. नागपूरला नेलं, नळी टाकली, घरी आणलं. फार काही झालं नव्हतं. पण दवाखान्याच्या खाटेवर पडल्यापडल्या त्यांना सपरीतली रिकामी खुर्ची दिसत राहिली. खुर्ची होती, हर्षा नव्हती. ती कुठे आहे हे त्या चित्रात कळत नव्हतं, आणि त्याचीच धास्ती वाटत होती.

पाऊस ओसरल्यावर ते चंद्रकलाला म्हणाले, "जाऊ. पण हर्षाले सांगू नोको. पायाच्या डॉक्टरकडं चाललो म्हणू. अन् तिथं आपण बाहीर जाऊन बोलू."

चंद्रकलानं त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं. "बरं," म्हणाली.

गावातल्या कैलाशची व्हॅन ठरवली. हर्षानं त्या दिवशी हिरवी साडी नेसवायला लावली, अमरच्या लग्नात घेतलेली. पायाच्या डॉक्टरकडे जायला एवढी ठेवणीतली साडी कशाला, असं टिकारामला वाटलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी धान निसवलं होतं. कोवळ्या लोंब्यांचा तो दुधासारखा वास गाडीभर भरला. हर्षा खिडकीला गाल लावून बसली आणि भंडाऱ्यापर्यंत तिनं डोळा मिटला नाही.

दवाखान्यात बरीच गर्दी होती. काठीवाले, काळे चष्मेवाले, आईच्या खांद्यावर मान टाकलेली मोठमोठी मुलं. नंबर लागल्यावर खुर्ची आत गेली. टेबलामागे तीन डॉक्टर होते. मधल्या बाई, डॉक्टर रक्षा, वयानं हर्षाएवढ्याच असाव्यात.

टिकाराम पुढे झाले. "मॅडम, जरा बाहेर येता का? जे काय विचारायचं ते मला विचारा. तिच्यासमोर नको."

"काका, अर्ज कुणासाठी आहे?"

"हर्षासाठी."

"मग मी तिच्याशीच बोलते ना."

बाई उठल्या, स्टूल ओढून खुर्चीसमोर बसल्या, आणि आपले डोळे हर्षाच्या डोळ्यांच्या पातळीला आणून म्हणाल्या, "हर्षाताई, आज इथे कशासाठी आलात, माहीत आहे का तुम्हाला?"

"तिले बोलता येत नाई," टिकाराम घाईनं म्हणाले. "म्हणजे येते, पण फार—"

बाईंनी मागे न पाहता हात वर केला. थांबा.

हर्षाची मान ताणली गेली. डावा हात उचलला जाऊन कानाकडे गेला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. हे टिकारामनं हजारदा पाहिलं होतं आणि हजारदा ते इथेच तिच्या मदतीला धावले होते. पाणी पायजे का? आई पायजे का? ती मग मान हलवी आणि तो खटाटोप थांबे. तिचे हाल पाहवत नाहीत म्हणून ते असं करत. आज हात वर होता. बोलता येत नव्हतं. नुसतं बघावं लागलं.

आणि बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की हे हाल नाहीत. हे काम आहे. नदीच्या तळातून दगड उचलून काठावर आणावा तशी पोरगी आतून एकेक अक्षर उचलून आणत होती आणि त्यात तिला कसलीही लाज नव्हती, घाई नव्हती.

"पे... न्शन," हर्षा म्हणाली.

टिकारामनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"कुणाची पेन्शन?" बाईंनी विचारलं.

"बा... बाची. मंग... आईची. मंग..." तिनं श्वास घेतला. "माही."

दाराशी उभा असलेला शिपाई आत येऊन भिंतीला टेकला. बाजूच्या डॉक्टरांनी समोरचे कागद सरकवून ठेवले.

"आम्हाला काय लिहावं लागेल, तेही माहीत आहे?"

इथे तिला मान हलवून भागलं असतं. तिनं मान हलवली नाही.

"कमावता... येत नाई."

"ते वाचून वाईट वाटेल तुम्हाला?"

आता जे सुरू झालं त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. बाहेर दुसऱ्या कुणाचं नाव पुकारलं गेलं, कुणाचं मूल रडून थांबलं. चंद्रकलाचे ओठ लेकीच्या ओठांबरोबर हलत होते, पण तिनं आवाज काढला नाही. डॉक्टरबाई जशा बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या. आणि टिकाराम, ज्यांना लेकीचं बोलणं अर्धंच कळायचं, त्यांना आज प्रत्येक शब्द कळला, कारण आज पहिल्यांदाच ते अंदाज बांधत नव्हते.

"वाईट... बाबाले वाटते. मले... नाई. खरं हाय... थे लिवा." मग तिनं मान खाली घेतली, दम खाल्ला, पुन्हा वर पाहिलं. "पण... बिनकामाची... असं नोका लिवू."

डॉक्टर रक्षा मग म्हणाल्या, "तसा रकानाच नाही आमच्याकडे, हर्षाताई. आणि असता तरी मी तो भरला नसता. काय काम करता तुम्ही?"

हर्षा हसली. तिचं हसू मात्र कुठेही अडत नसे. "गल्लीचे... पोट्टे... राखते!"

मग पाय तपासले, हात तपासले, जुने कागद पाहिले. दाखला यथावकाश मिळेल असं सांगितलं. टिकारामनं कुठे कुठे सही केली ते त्यांना नंतर आठवलं नाही.

बाहेरच्या बाकावर ते चंद्रकलाशेजारी बसले. हर्षाला कैलाशनं नळाजवळच्या सावलीत नेलं होतं.

"तिले कोणं सांगतलं हे सारं?" त्यांनी चंद्रकलाला विचारलं.

"कोणं नाई सांगतलं. तिनंच मले सांगतलं."

"म्हणजे?"

"बँकेतून आलो तवा मी तुमाले इचारलं, माह्या मागं काय म्हणून. थो सवाल माहा नव्हता जी. तिचा होता. तिनं रेडिओवर आयकलं होतं, पेन्शनवाल्याइच्या कार्यक्रमात. मी दुपारी तांदूळ पाखडत बसली होती तवा तिनं सुरू केलं. चूल पेटवाची वेळ होऊन गेली, तवा कुठं पुरं झालं तिचं सांगणं. शेवटी म्हणे, बाबाले माह्यं नाव सांगू नोको. त्याइले लागन."

टिकारामनं नळाजवळच्या खुर्चीकडे पाहिलं.

"आन तुमी पायाच्या डॉक्टरचं सांगतलं ना, थेबी तिले तवाच समजलं होतं. मी म्हटलं, खरं सांगून देऊ का बाबाले? त म्हणे, राहू दे. तसं त तसं, गाडीत त बसतेत बाबा."

टिकारामला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. इतकी वर्षं आपण या पोरीपासून गोष्टी लपवतो, तिला लागू नये म्हणून, असं ते समजत होते. ती त्यांच्यापासून लपवत होती. तिनं विचार केला, वेळ ओळखली, आईला पुढे केलं, बापाचं खोटं चालू दिलं, आणि आपल्या म्हातारपणाची सोय बापाच्या हातून करवून घेतली, तीही बापाला न दुखवता. आणि आपल्याला वाटायचं की हिला काय कळते! एका घरात, एका छपराखाली, एवढं मोठं माणूस राहत होतं, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

ते उठून नळाजवळ गेले आणि तिच्या खुर्चीपुढे उकिडवे बसले.

"हर्षा, भूक..." असं म्हणता म्हणता ते थांबले. पुन्हा सुरुवात केली. "हर्षा, तुले काय पायजे?"

आणि ते तसेच बसून राहिले.

"धरण," हर्षा म्हणाली. "पाह्याचं... हाय."

बापानं जिथे वर्षं काढली ती जागा तिनं कधी पाहिली नव्हती. गर्दी असते, खुर्ची जात नाही, तिला काय समजणार, असं दर वेळी झालं होतं. कैलाश म्हणाला, "पवनीवरून वळू, काका. कायले नाई म्हणता?"

वर मध्य प्रदेशात पाऊस झाला होता आणि दारं उघडी होती. धरणापासून बऱ्याच अंतरावर असतानाच गाडीच्या काचा थरथरू लागल्या. लोक उभे राहून पाहतात त्या जागेपर्यंत टिकाराम आणि कैलाशनं खुर्ची दोन्हीकडून उचलून नेली.

समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी कोसळत होतं. पांढरं, मातकट, पुन्हा पांढरं. पाण्याची धूळ झाडांच्या वर चढली होती आणि दुपारच्या उन्हात तिच्यात इंद्रधनुष्य उगवत होतं, विरत होतं, पुन्हा थोडं पलीकडे उगवत होतं. पायाखालची जमीन गुरगुरत होती. आवाज कानानं ऐकू येत नव्हता, तो छातीतच होता.

हर्षाचे दोन्ही हात वर गेले. तिनं एक लांब आवाज काढला, टिकारामनं तिच्या तोंडून कधी न ऐकलेला, आणि तो त्या गर्जनेत मिसळून गेला. मग ती एकदम शांत झाली. तिचं ते कधी स्थिर न राहणारं अंग स्थिर झालं. चेहऱ्यावर तुषार साचून ओघळू लागले तरी तिनं डोळे मिटले नाहीत.

टिकाराम तिच्याशेजारी उभे होते. आणि त्यांना जाणवलं की आपणही हे पहिल्यांदाच पाहतो आहोत. वरच्या खोलीत त्यांची नजर कायम काट्यावर असे, दार किती उचललं, पातळी किती. खाली काय होतं हे त्यांना माहीत होतं, पण उभं राहून कधी पाहिलं नव्हतं. बापरे, ते मनाशी म्हणाले. बापरे बाप. याचंच आपण रोज बटण दाबत होतो.

हर्षानं त्यांच्याकडे मान वळवली. ते तिच्या तोंडाजवळ कान नेऊन थांबले. पाणी कोसळत राहिलं.

"हे... तुमी... सोडत होते?"

"हव. आमी चारपाच जण होतो."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली, मग पाण्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. तिच्या डोळ्यांत बापाविषयी जे होतं, तेच थोड्या वेळापूर्वी दवाखान्याच्या बाकावर बापाच्या मनात तिच्याविषयी होतं. दोघंही भिजून ओलेचिंब झाले होते. चंद्रकला मागून ओरडत होती की पोरीला सर्दी होईल, पण ते दोघांनाही ऐकू आलं नाही.

दाखला आला. भय्याजीनं अर्ज तयार करून दिला, तो कार्यालयात गेला, तिथून नागपूरला, तिथून कोषागारात. वेळ लागला, पण अडलं कुठे नाही. हर्षाचं नाव चढल्याचं कळलं त्या दिवशी भय्याजी स्वतः पेढे घेऊन आले आणि पहिला पेढा त्यांनी हर्षाच्या तोंडात घातला.

अमरला मात्र थोडं लागलं. फोनवर म्हणाला, "बाबा, मी होतो ना. दाखला कायले पायजे होता?"

टिकारामनं फोन हर्षाच्या कानाशी धरला आणि अमरला म्हटलं, "ताई बोलून रायली. फोन ठेवू नोको."

नागपुरात अमर फोन धरून राहिला. इकडे हर्षाची मान ताणली, हात उचलला गेला. "तू... भाऊच... राय," ती म्हणाली. मग अमर म्हणाला, "हव ताई." पुढच्या रविवारी तो बायको-मुलीला घेऊन आला आणि दिवसभर सपरीतच बसला.

डिसेंबरात धान घरात आलं. व्यापारी दारात गाडी लावून उभा राहिला. टिकारामच्या मते सगळं विकून मोकळं व्हावं. चंद्रकलाच्या मते थांबावं, भाव चढतील. दोघांचं जुंपलं. व्यापारी गाडीची चावी बोटात फिरवत एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होता.

टिकाराम हर्षाकडे वळले. "तू काय म्हणते?"

हर्षानं मान ताणली. व्यापाऱ्यानं घड्याळ पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं.

"बसा जी," टिकारामनं त्याच्यासाठी पाट सरकवला आणि स्वतःही भिंतीला टेकून बसले. "येऊन रायलं."

गल्लीतून एक बैलबंडी गेली. चंद्रकला आत जाऊन चहाचं आधण ठेवून आली. व्यापारी आधी चुळबुळला, मग हळूहळू त्याचीही नजर त्या ताणलेल्या मानेवर आणि उघडणाऱ्या ओठांवर खिळली.

"बियाण्याचं... ठेवा," हर्षा म्हणाली. "घरचं... खायाचं... ठेवा. बाकी... द्या."

व्यापारी उठला आणि गाडीतून वजनकाटा काढायला गेला.